वईवरचं सरपण : गिरिपुष्प लावणं, तोडणं आणि वापरणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वई म्हणजे आवाराभोवतीचं कुंपण, आणि ते गिरिपुष्पाच्या (उंदीरमारीच्या) जिवंत झाडांचं केलं की सरपणही देतं. मृगाच्या आधी त्याच्या लावणीचे प्रश्न येतात, माघात तोडीचे, आणि गणपतीच्या तोंडावर "लाकडं धुमसतायत, आता काय करू" असे. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मी दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो. इथलं लिखाण त्या पट्ट्यातल्या मातीला, पावसाला आणि वाऱ्याला धरून आहे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे आली असेल तर तिथे क्रमांक दिला आहे.

1. विलायती व्हिडिओंमध्ये विलो नावाचं झाड दरवर्षी बुडाशी कापतात आणि त्याच्या फोकांची कुंपणं, कमानी, टोपल्या करतात. ते कोकणात होईल का?

टोपल्यांचा विलो थंड मुलखातला आहे. हिवाळ्यात तो पानं गाळून झोपतो, त्या झोपेतच त्याला कापतात आणि वसंतात त्याचे लांब, लवचीक फोक सरळ वर येतात. आपल्याकडे ती थंडीच पडत नाही. त्यामुळे रोप मागवून पैसे घालवू नका.

त्याच कुळातलं आपलं झाड म्हणजे वाळुंज. ओढ्याकाठी, नदीच्या वाळूत ते आपोआप उगवतं. तुमच्या जागेतून बारमाही पऱ्या वाहत असेल तर काठावर वाळुंज जरूर लावा, काठ धरून ठेवायला ते उत्तम. पण जांभ्याच्या कातळावर किंवा मे महिन्यात विहीर तळाला जाणाऱ्या आगरात ते टिकणार नाही.

विलोकडून शिकण्यासारखी आहे ती पद्धत, म्हणजे झाड न मारता त्याच्या खुंटावरून पुन्हा पुन्हा लाकूड घेणं. ती कोकणात सरपणासाठी गिरिपुष्पावर आणि विणकामासाठी निर्गुडीवर छान चालते (विणकामासाठी प्रश्न 11 पाहा).

2. झाड बुडाशी तोडलं की ते मरत नाही?

जे झाड खुंटावरून फुटतं ते मरत नाही. सालीखाली निजलेले डोळे असतात आणि मुळांत साठवलेलं अन्न असतं. वरचा भार गेला की ते डोळे जागे होतात. मुळं जुनी आणि पसरलेली असल्यामुळे हा फुटवा नव्या रोपापेक्षा कितीतरी वेगाने वाढतो.

आपल्या आजोबा-पणजोबांना हे ठाऊक होतं. भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, ऐन-किंजळीची कवळं (पाल्याच्या डहाळ्या) तोडायचे तेव्हा झाडाला पुन्हा फुटायला अवधी ठेवून तोडायचे. तोड थांबली ती नाही, थांबला तो अवधी. सड्याकडेची, म्हणजे उघड्या कातळाच्या माळाकडेची, थोटकं झालेली झाडं त्यामुळेच दिसतात.

सगळ्याच झाडांना हे जमत नाही. किनाऱ्यावरचा सुरू बुंध्यापासून कापला तर बहुधा गेलाच. ऑस्ट्रेलियन बाभळीचाही भरवसा नाही. साग, निलगिरी, सुबाभूळ, निर्गुडी, भेंड आणि गिरिपुष्प मात्र फुटतात.

3. मग गिरिपुष्पच का? ते तर बाहेरचं झाड आहे.

हो, ते मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. तिकडे कोकोच्या बागेत सावलीसाठी लावतात, म्हणून त्याला 'कोकोची आई' अशा अर्थाचं नाव आहे. आपल्याकडचं उंदीरमारी हे नाव त्याच्या शास्त्रीय नावाशीच जुळतं, कारण ग्लिरिसिडिया म्हणजे उंदीर मारणारी. साल आणि बिया विषारी आहेत.

मी ते निवडलं त्याची कारणं साधी आहेत. खुंटी रोवली की जगते. शेंगवर्गातलं असल्यामुळे मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र घेतं आणि पाला भाताला खत होतो (प्रश्न 9). वाळलेलं लाकूड सावकाश जळतं, ठिणग्या फार उडवत नाही आणि निखारा धरतं. आणि मोठं कारण असं की वईवरचं गिरिपुष्प जितकं घराला पुरेल तितकी ऐन, किंजळ, जांभूळ डोंगरात उभी राहतील. मला या झाडाचं कौतुक आहे ते एवढ्यासाठी.

बाहेरचं झाड कुठे लावू नये, ते प्रश्न 15 मध्ये लिहिलं आहे. ते वाचल्याशिवाय लावणी करू नका.

4. मेढी कधी आणि कशा लावायच्या?

रोहिणी निघाल्यापासून मृगाचा पाऊस धरेपर्यंत, म्हणजे मेची अखेर ते जूनचा मध्य. आधी लावल्या तर उन्हात सुकतात, जुलैच्या धारेत लावल्या तर खड्ड्यात पाणी साचून बुडखा कुजतो.

मेढी, म्हणजे रोवायच्या जाड काठ्या, दीड-दोन वर्षांच्या फांदीच्या घ्या. साल हिरवटपणा सोडून राखाडी-तपकिरी झालेली हवी. जाडी 3 ते 5 सेंटिमीटर, लांबी दीड ते दोन मीटर. यंदाच्या कोवळ्या फांद्यांना पानं लगेच फुटतात, लोक खूश होतात आणि पंधरा दिवसांत त्या काळ्या पडतात. पानं फुटली म्हणजे मुळं धरली असं नव्हे, हे लक्षात ठेवा.

दोन्ही टोकं तिरपी छाटा, वरचं पाणी निथळावं म्हणून आणि खालची साल जास्त उघडी पडावी म्हणून. तोडलेल्या मेढी सावलीत आठवडाभर उभ्या ठेवल्या तरी चालतात. मग पहारीने भोक पाडून सव्वा ते दीड फूट खोल रोवा आणि माती पायाने घट्ट दाबा. मेढ ठोकून घालू नका, खालची साल फाटते. आणि बुडखा खाली, शेंडा वर हे नीट बघा. ढीग पडला की गल्लत होते. माझ्या पहिल्या वर्षीच्या बऱ्याच मेढी उलट्या गेल्या होत्या. आता मी झाडावरून उतरवतानाच बुडख्याला गेरूची रेघ ओढतो.

दाट वईसाठी दीड फुटावर एक. मध्ये तार किंवा बांबूच्या कांबी येणार असतील तर चार-पाच फुटांवर एक पुरे. फक्त सरपणासाठी वेगळा तुकडा करायचा असेल तर मीटरभर अंतर ठेवा.

5. मेढ लावू की बी?

वईला मेढ, उताराला बी. मेढीला सोटमूळ येत नाही, मुळं आडवी पसरतात. बियांपासूनच्या रोपाचं मूळ खोल जातं, म्हणून डोंगरउताराला आणि वाऱ्याच्या तोंडावर ते जास्त पक्कं. शेंगा उन्हाळ्यात तडकतात, त्याआधी काळपट होताच उतरवा. बी रात्रभर पाण्यात भिजवून पिशवीत लावा, आठ-दहा दिवसांत उगवतं. बी विषारी आहे, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

6. पहिली तोड कधी? किती उंचीवर?

लावल्यावर दोन पावसाळे जाऊ द्या. पहिल्याच वर्षी पाला बघून मोह होतो, पण तेव्हा तोडलं तर मुळांचं पोषण तुटतं आणि खुंट कायमचा किरटा राहतो.

उंची कशासाठी हवंय त्यावर ठरते. सरपणाच्या तुकड्यात गुडघ्याएवढ्या उंचीवर तोडा. वई असेल तर छातीएवढ्या, कारण खालचा खांब वईचं काम करत राहायला हवा. गुरं-शेळ्या मोकळ्या फिरणारा गाव असेल तर तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर, म्हणजे साधारण सहा फुटांवर.

पुढे दर खेपेला त्याच जागी, आधीच्या घावाच्या बोटभर वर तोडत राहा. काही वर्षांनी तिथे गाठाळ डोकं तयार होतं. ते कुरूप दिसतं म्हणून छाटू नका, सगळे डोळे तिथेच असतात.

7. तोड कुठल्या महिन्यात करायची? आणि दरवर्षी सगळी वई तोडायची का?

सरपणासाठी माघ-फाल्गुन. तेव्हा झाडाने पानं गाळलेली असतात, उघड्या फांद्यांवर गुलाबी-जांभळट फुलं असतात आणि पुढे वाळवायला अडीच-तीन महिन्यांचं कोरडं ऊन मिळतं. पावसात तोडलेलं लाकूड वाळत नाही आणि घावही कुजतो.

सगळी वई एका वर्षी कधीच तोडू नका. तीन भाग करा आणि दरवर्षी एकच भाग तोडा. म्हणजे प्रत्येक खुंटाला तीन वर्षं मिळतात, काठ्या मनगटाएवढ्या होतात आणि घर कुठल्याच वर्षी रिकामं राहत नाही. शिवाय मधमाश्यांना उरलेल्या दोन भागांवर फुलं मिळतात. मी एका वर्षी घरच्या लग्नाच्या स्वयंपाकासाठी सगळी वई एकदम उतरवली होती. पुढची दोन वर्षं लाकूड विकत घेतलं, आणि उघड्या वईतून गुरं आत आली ती वेगळी.

8. कोयतीने तोडताना साल सोलून खाली येते. काय चुकतं?

घाव वरून खाली मारता, तिथे चुकतं. फांदी आपल्या वजनाने मोडते आणि जाताना साल ओढून नेते. आधी खालच्या अंगाला एक छोटा घाव घाला, मग वरून. घाव तिरपा आणि बाहेरच्या बाजूला उतरता हवा. कोयती पाजळलेली असली पाहिजे, बोथट कोयतीने खुंट ठेचला जातो. मनगटापेक्षा जाड असेल तर सरळ करवत घ्या. साल सुटलीच तर सुटलेला भाग धारदार सुरीने कापून टाका, लोंबता ठेवू नका. त्याच्या मागे पाणी मुरतं आणि वाळवी शिरते.

तोडीनंतर एका खुंटावर दहा-पंधरा कोंब येतात. जाड लाकूड हवं तर पावसाळा संपता संपता त्यांतले चार-पाच दमदार ठेवा, बाकी हाताने मोडा. बारीक काठ्या हव्या असतील तर सगळे राहू द्या.

9. पाला भातात घालायचा आणि लाकूडही हवं. दोन्ही एकाच झाडावरून मिळेल का?

मिळेल, पण दोन्हीत खोट येईल. पाल्यासाठी तोड जून-जुलैत येते, सरपणासाठी माघात. माझा सल्ला असा की शेताच्या बांधावरची रांग पाल्यासाठी आणि घराच्या वईची सरपणासाठी, असं वाटून टाका.

चारसूत्री भातपद्धतीत गुंठ्याला 30 किलो हिरवा पाला सांगितला आहे. लावणीच्या आठवडाभर आधी डहाळ्या शेतात पसरायच्या, पानं गळून चिखलात मिसळतात, आणि लावणीच्या दिवशी उघड्या काड्या गोळा करून घरी न्यायच्या. या काड्या बारीक असतात, पण चुलीवर आधाराला टांगून वाळल्या की विस्तव पेटवायला त्यांच्यासारखं काही नाही.

10. लाकूड वाळलं हे कसं ओळखायचं? आमच्याकडे पावसाळ्यात फार धूर होतो.

धूर होतो तो लाकडाच्या जातीमुळे नाही, त्यातल्या पाण्यामुळे. ओलं लाकूड जाळताना बरीच आग ते पाणी उकळण्यातच जाते.

तोडल्यावर लगेच चुलीच्या मापाचे, दीड-दोन फुटांचे तुकडे करा. लांब फांदी सालीच्या आत महिनोन् महिने ओली राहते, पाणी टोकांतून जातं. मनगटाहून जाड असेल ते फोडा. मग दोन आडव्या ओंडक्यांवर, जमिनीपासून वर, हवा खेळेल असं रचा. खळ्यात उन्हात चैत्र-वैशाख काढू द्या.

वाळलेल्या लाकडाच्या टोकाला चिरा पडतात, साल नखाने सुटते, वजन हाताला हलकं लागतं. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. खणखणीत वाजलं तर वाळलं, बद्द आवाज आला तर अजून ऊन हवं.

वळीव पडायच्या आत आत घ्या. पडवीत किंवा खोपीत, भिंतीपासून वीतभर सोडून. प्लास्टिकने चारी बाजूंनी गुंडाळू नका, आत घाम धरतो आणि बुरशी येते. फक्त माथा झाका. आणि पावसाळ्यात आठवडाभराचं लाकूड चुलीशेजारी आणून ठेवायची जुनी सवय सोडू नका. धूर डोळ्यांना आणि छातीला लागतो, बहुतेक घरांत तो बायकांच्या वाट्याला येतो. कोरडं लाकूड त्यांच्यासाठी आधी हवं.

11. याच्या काठ्यांचा मांडव, कुंपण, कमान असं काही करता येतं का?

मांडव उत्तम होतो. पडवळ, शिराळी, कारली, काकडी यांना लागणाऱ्या परड्यातल्या मांडवाला दोन-तीन वर्षांच्या काठ्या योग्य. फक्त आधी ठरवा की खांब जिवंत हवा की मेलेला. ताजी मेढ पुरलीत तर ती फुटणार, पाला धरणार आणि श्रावणात वेलांवर सावली करणार. तसं नको असेल तर काठ्या दोन-तीन महिने वाळवून, साल काढून वापरा आणि जमिनीत जाणारं टोक विस्तवात काळं होईपर्यंत भाजा. तरीही कोवळ्या लाकडाला भुंगा आणि वाळवी लागते, एक-दोन पावसाळ्यांचा हिशेब धरा. जुन्या झाडाचं गाभ्याचं लाकूड मात्र टिकाऊ असतं.

जिवंत खांब हवाच असतो तो मिरवेलीला. पोफळीच्या आगरात पांगाऱ्याप्रमाणे गिरिपुष्पावरही मिरी चढवतात. मधूनमधून फांद्या छाटल्या की वेलाला हवा तेवढा उजेड मिळतो.

विणायला मात्र गिरिपुष्प नको. विलोसारखा त्याचा फोक वळत नाही, मोडतो. विणण्यासाठी निर्गुडी लावा. ती दरवर्षी बुडाशी कापली की सरळ, बारीक, लवचीक फोक देते. गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत आणि ती आपल्याच मातीतली आहे. वाफ्यांच्या कडा, रोपांभोवतीचे पिंजरे, बुटकी कुंपणं तिच्या फोकांनी हिरवेपणीच विणा. मोठ्या कामाला माणगा बांबूच्या कांबी. बांधायला सुंभ किंवा केवणीची साल. तारेने बांधलेल्या जिवंत खांबात तार रुतते आणि पुढे कोयतीची धार तिच्यावर जाते.

12. गुरं, शेळ्या पाला खातील का?

शेळ्या सवयीने खातात. गाई-म्हशी वासामुळे आधी नाक मुरडतात. पाला एक दिवस सावलीत सुकवून, इतर चाऱ्यात थोडा मिसळून द्या. घोडा, ससे आणि कोंबड्यांना देऊ नका. ढीग करून कुबट झालेला पाला कोणालाच घालू नका. याच्या पानांतलं कुमारिन नावाचं द्रव्य बुरशीने बदलतं आणि रक्त गोठण्यात अडथळा आणतं, उंदीर मरतात ते त्यामुळेच.

13. आमची जागा कातळावर आहे / खाडीला लागून आहे. तिथे जगेल?

कातळावर जिथे फूटभर तरी माती किंवा भेग आहे तिथे जगेल, वाढ मात्र कमी होईल. तोड तीनऐवजी चार वर्षांनी धरा. नुसत्या फरशीसारख्या कातळावर नको, त्याचं कारण प्रश्न 15 मध्ये आहे.

खाजणात आणि भरतीचं पाणी येणाऱ्या जागी नाही. तिथे भेंड लावा. त्याच्याही मेढी धरतात, खाऱ्या वाऱ्याला तो पुरून उरतो आणि खुंटावरून फुटतो. कांदळवनाला मात्र हात लावू नका, ते संरक्षित आहे.

14. तोडायला परवानगी लागते का?

महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायदा, 1964 याच्या अनुसूचीत आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ, साग, खैर अशी झाडं आहेत, ती स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. गिरिपुष्प त्या यादीत नाही. नगरपरिषदेच्या हद्दीत मात्र 1975 चा नागरी क्षेत्रांसाठीचा वेगळा कायदा लागू होतो, तिथे आधी नगरपरिषदेत विचारा. लाकूड विकायला गाडीत भरून गावाबाहेर नेणार असाल तर वनपालांना विचारल्याशिवाय गाडी हलवू नका.

15. हे झाड जंगलात पसरतं असं ऐकलं. लावणं चूक तर नाही?

तुम्ही बरोबर ऐकलं आहे. तडकलेल्या शेंगांतून बी लांब उडतं, आणि मोकळ्या टेकड्यांवर सरसकट लावल्याने काही ठिकाणी त्याचंच रान झालं आहे. म्हणून माझ्या तीन अटी आहेत आणि त्यांत मी कोणालाही सूट देत नाही. सड्यावर नाही, कारण पावसाळ्यात तिथे जे गवत आणि फुलं उगवतात त्यांना उघडा कातळच लागतो. देवराईच्या आणि जंगलाच्या कडेला नाही. आणि लावलंत तर तोडत राहा. तोडीतलं झाड शेंगा कमी धरतं, सोडून दिलेलं झाड बी उधळतं. ज्यांना गावी वर्षातून एकदाच, गणपतीला, यायला जमतं त्यांनी हे झाड लावूच नये. त्यांनी निर्गुडीची वई करावी.

16. सामाईक बांधावर लावलं तर लाकूड कोणाचं?

याचं उत्तर झाडापेक्षा माणसांवर अवलंबून आहे. सातबारावर आठ नावं असतील तर लावायच्या आधी बोला, तोडीच्या दिवशी नव्हे. माझ्या शेजाऱ्यांशी माझं ठरलेलं आहे की रांग बांधाच्या हातभर आत माझ्या बाजूला, त्यांच्याकडे झुकलेल्या फांद्यांचा पाला त्यांचा. तोंडी ठरलेलं आहे, पण दोन्ही घरांच्या मुलांसमोर ठरलेलं आहे.

17. निसर्ग वादळात आमच्या वईची झाडं उन्मळली. पुन्हा तेच लावू का?

3 जून 2020 च्या त्या दुपारी आमच्या पट्ट्यात नारळ-पोफळी आडव्या झाल्या, गिरिपुष्पाचं काय घेऊन बसलात. तरी माझ्या रांगेत एक गोष्ट स्पष्ट दिसली. त्या माघात तोडलेल्या भागातला एकही खुंट हलला नाही. पडली ती न तोडलेली, वीस फूट गेलेली झाडं, आणि तीही मेढीपासूनची. म्हणून पुन्हा लावा, पण वाऱ्याच्या बाजूला बियांची रोपं (प्रश्न 5) आणि तोडीचा क्रम चुकवू नका. अर्धवट कलंडलेलं झाड गुडघ्यावर तोडून सरळ करा, बुडाशी माती चढवा, बहुतेक वेळा ते धरतं.

18. खुंट तोडला, पण फुटवाच आला नाही. मेला का?

साल नखाने खरवडा. आत हिरवी असेल तर थांबा, माघातल्या तोडीला कधी कधी वळीव पडेपर्यंत जाग येत नाही. तपकिरी आणि कोरडी असेल तर गेला. कारणं बहुधा चारच असतात: आंब्याच्या दाट सावलीतला खुंट, बुडाशी साचलेलं पाणी, शेळ्यांनी वारंवार खाल्लेले कोंब, किंवा फुटायला पुरेसा अवधी न देता केलेली तोड. कारण दूर केल्याशिवाय त्याच जागी नवी मेढ लावू नका.

19. काका, वडिलांनी लावलेली वई वीस वर्षं कोणी तोडलेली नाही. बुंधे मांडीएवढे आहेत. आता बुडाशी तोडले तर फुटतील?

बरेच फुटतील, सगळे नाही. जाड साल फोडून बाहेर यायला डोळ्यांना कष्ट पडतात. म्हणून पहिल्या वर्षी एक सोडून एक झाड घ्या आणि गुडघ्यावर न जाता छातीएवढ्या उंचीवर करवतीने कापा, खाली एक-दोन बारीक फांद्या हिरव्या राहू द्या. त्या झाडाला तेवढ्या वर्षापुरतं खाऊ घालतात. फुटवा चांगला धरला की पुढच्या माघात त्या काढा आणि उरलेली झाडं हातात घ्या.

निघालेलं लाकूड लगेच फोडा, मांडीएवढा ओंडका अखंड ठेवला तर एका उन्हाळ्यात वाळत नाही. त्यांतले सरळ आणि गाभा धरलेले बाजूला काढा, कुदळी-फावड्याचे दांडे आणि बेड्यांचे (वईच्या फाटकांचे) खांब त्यांतून होतील. शेंड्याकडच्या मनगटाएवढ्या फांद्यांतून मेढी घ्यायच्या असतील तर एक-दोन झाडं माघात सोडून मेअखेरीला तोडा, आणि मेलेल्या जागा त्यांनीच भरा.